जोखीम कोणाच्या अंगी असते?
‘अतिजोखमीचा गट’ या कल्पनेची चिकित्सा

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांविषयी मराठीत जे काही छापले जाते, मग ते आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचे पत्रक असो, शाळांना वाटलेली पुस्तिका असो की वर्तमानपत्राची आरोग्य पुरवणी, त्यात एक शब्दप्रयोग हमखास आढळतो: ‘अतिजोखमीचे गट’. त्यापुढे एक यादी असते. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, शिरेतून मादक द्रव्ये टोचून घेणारे. यादी संपली की वाचणारा मनातल्या मनात तपासून पाहतो, आपले नाव तिच्यात नाही, आणि पान उलटतो.

ही यादी कोणी खोडसाळपणे तयार केलेली नाही. तिच्यामागे रोगप्रसाराचे गणित आहे आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. गणितातला एक दर, संख्याशास्त्रातली एक संभाव्यता आणि माणसांचा एक प्रकार या तीन वेगवेगळ्या गोष्टी ‘अतिजोखमीचा गट’ या एकाच नावाखाली कोंबल्या गेल्या आहेत. त्यातून होणारे नुकसान केवळ सामाजिक नाही. निदानही चुकते, आणि ते यादीच्या आत असणाऱ्यांचे चुकते तसेच बाहेर असणाऱ्यांचेही चुकते. शिक्षकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की वर्गात ‘एडस्’चा धडा शिकवताना हीच यादी फळ्यावर लिहिली जाते, आणि एखाद्या बाकावर ट्रकचालकाचा मुलगा बसलेला असतो.

प्रथम थोडा इतिहास. रोग्याऐवजी गट शोधण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. इंग्रज सैनिकांमध्ये उपदंश आणि परमा यांचे प्रमाण फार वाढले तेव्हा ब्रिटिश सरकारने १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यानुसार वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी नाव नोंदवायचे, ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करून घ्यायची आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयात डांबून घ्यायचे. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांची तपासणी या कायद्यात नव्हती. शाळकरी मुलालाही दिसेल अशी यातली त्रुटी आहे: दोन टोके असलेल्या दोरीचे एकच टोक धरले होते. पुढे १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. एकच टोक धरण्याची सवय मात्र गेली नाही.

आता गणित पाहू. ते साधे आहे आणि दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. एका संसर्गित व्यक्तीकडून सरासरी किती नव्या व्यक्तींना संसर्ग होईल? तीन राशींचा गुणाकार करा: प × ज × क. यात ‘प’ म्हणजे एका जोडीदाराकडून दुसऱ्याकडे संसर्ग जाण्याची संभाव्यता, ‘ज’ म्हणजे ठरावीक काळात येणाऱ्या नव्या जोडीदारांची संख्या, आणि ‘क’ म्हणजे संसर्ग दुसऱ्याला देता येण्याजोग्या स्थितीत शरीरात टिकून राहण्याचा काळ. गुणाकार १ पेक्षा जास्त असेल तर रोग पसरतो, कमी असेल तर विझत जातो. यॉर्क, हेथकोट आणि नोल्ड या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये परम्याच्या प्रसाराचा असाच विचार केला, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. समाजातल्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत हा गुणाकार १ पेक्षा कमीच असतो. रोग टिकून राहतो तो ज्यांचा ‘ज’ मोठा आहे अशा थोड्या लोकांमुळे. त्यांना त्यांनी गाभ्याचा गट म्हटले. उपचाराची साधने अपुरी असतील तर ती प्रथम या गाभ्याकडे वळवावीत, हा त्यातून निघणारा निष्कर्ष अगदी योग्य आहे.

पण सूत्राकडे पुन्हा पाहा. त्यात माणूस कुठेच नाही. तीन राशी आहेत. ‘ज’ हा दर आहे, वेगासारखा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला आपण ‘ऐंशीची गाडी’ म्हणत नाही, कारण तीच गाडी उद्या घरासमोर उभी असते. त्याचप्रमाणे एखाद्याचा ‘ज’ आज मोठा असेल, पाच वर्षांनी शून्य असेल. शिवाय एखाद्या स्त्रीचा स्वतःचा ‘ज’ आयुष्यभर एक असला तरी तिच्या एकुलत्या एका जोडीदाराचा ‘ज’ मोठा असला की संसर्ग तिच्या दारात येतो. जोखीम व्यक्तीच्या अंगात नसते, दोन व्यक्तींमधल्या दुव्यात असते. व्यक्तींचे गट पाडले की नेमका हा दुवाच दिसेनासा होतो.

ही केवळ तात्त्विक तक्रार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जे निदान-तक्ते प्रसृत केले त्यांतला एक येथे तपासून पाहू. प्रयोगशाळा जवळ नसलेल्या दवाखान्यांसाठी ते तयार केले होते. रुग्णाने तक्रार सांगावी, डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने तक्त्यातील चौकोनांतून हो किंवा नाही असे उत्तर देत पुढे जावे, आणि शेवटच्या चौकोनात जो उपचार असेल तो लगेच द्यावा. याला लक्षणसमूहानुसार उपचार म्हणतात. भारतातल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तर अशा उपचारांसाठी औषधांची सात रंगांची पाकिटे केली: करडे, हिरवे, पांढरे, निळे, तांबडे, पिवळे आणि काळे. गुप्तांगावर व्रण असेल तर पांढरे. त्यात उपदंशासाठी पेनिसिलीन. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येत असेल तर करडे. कल्पना उत्तम आहे. अहवालाची वाट पाहत रुग्णाला आठ दिवसांनी बोलावले तर पुष्कळ जण परत येतच नाहीत. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत औषध दिले तर सूत्रातला ‘क’ घटतो. टांझानियातील म्वांझा येथे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा उपचारांची सोय सुधारलेल्या गावांत एच.आय.व्ही.चे नवे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते. (पुढे युगांडातील राकाई येथे निराळ्या पद्धतीने, सरसकट सर्वांना औषध देऊन केलेल्या प्रयोगात तसा परिणाम दिसला नाही. म्हणून हा आकडा सर्वत्र लागू पडेल असे मानू नये.)

व्रण आणि पुरुषांचा मूत्रमार्ग यांच्या बाबतीत तक्ते बरे चालतात. अडचण येते ती स्त्रियांच्या बाबतीत. अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला योनिमार्गाचा साधा दाह असू शकतो, ज्याचा लैंगिक संसर्गाशी संबंध नसेलही. किंवा गर्भाशयमुखाला परमा वा क्लॅमिडिया यांचा संसर्ग असू शकतो, ज्यातून पुढे वंध्यत्व येऊ शकते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. मग भेद कसा करायचा? तक्त्याने येथे ‘जोखमीचे मूल्यमापन’ असा चौकोन घातला. जोडीदाराला लक्षणे आहेत का, हा पहिला प्रश्न. नसतील, तर पुढीलपैकी कोणत्याही दोन प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर हवे: वय २१ च्या आत आहे का, अविवाहित आहे का, गेल्या ३ महिन्यांत एकाहून अधिक जोडीदार होते का, गेल्या ३ महिन्यांत नवा जोडीदार आला का?

कल्पना करा, सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली २६ वर्षांची विवाहित स्त्री या चौकोनात येऊन पोहोचली आहे. नवरा मुंबईला कामाला, वर्षातून दोनदा घरी येतो. वय २१ च्या आत नाही. अविवाहित नाही. जोडीदार एकच. नवा नाही. चारही उत्तरे ‘नाही’. राहिला पहिला प्रश्न, नवऱ्याला लक्षणे आहेत का? आपल्या घरांत हा विषय नवरा-बायकोत किती मोकळेपणाने निघतो, हे वाचकांना सांगायला नको. बहुधा तिला माहीत नसते, आणि तक्त्याच्या भाषेत ‘माहीत नाही’ म्हणजे ‘नाही’. ती जोखमीची नाही असे ठरते, दाहाचे औषध घेते आणि घरी जाते. तक्त्याने खरे तर एक प्रश्न विचारायला हवा होता: तुझा नवरा कुठे असतो?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हे प्रश्न स्थानिक परिस्थितीनुसार बदलून घ्यावेत असे संघटनेने म्हटले होते. पण ‘विवाहित’ म्हणजे ‘सुरक्षित’ हे समीकरण ज्या तक्त्यात एकदा शिरले, तो बदलायचे कष्ट कोण घेणार?

हे समीकरण किती पोकळ आहे याचा पुरावा दूरदेशी शोधायला नको. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५२५ जणी शरीरविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात एच.आय.व्ही.चे प्रमाण ४९.९ टक्के होते. उरलेल्या ३९१ स्त्रिया तो व्यवसाय करणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यात बहुतेक विवाहित आणि नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध न आलेल्या. त्यांच्यात प्रमाण १३.६ टक्के निघाले. या स्त्रिया काहीतरी तक्रार होती म्हणूनच चिकित्सालयात आल्या होत्या, तेव्हा हा आकडा पुण्यातल्या सर्व विवाहित स्त्रियांचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. परंतु त्यांची जोखीम कोणत्या ‘घटका’त होती असे विचारले, तर उत्तर एकच येते: नवरा.

दुसरा अभ्यास त्याआधीचा, गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, सरसकट तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक वा अधिक आजार होते. हे सगळे लैंगिक संसर्ग नव्हेत. जननमार्गाच्या विविध संसर्गांचा वाटा एकूण आजारांच्या सुमारे निम्मा होता. निदानाच्या दृष्टीने आम्हाला त्यांचे दुसरे दोन आकडे अधिक बोलके वाटतात. ४५ टक्के स्त्रियांची काहीही तक्रार नव्हती, आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तक्ता सुरू होतो तक्रारीपासून. जिची तक्रारच नाही ती पहिल्या चौकोनापर्यंतही पोहोचत नाही. क्लॅमिडियाच्या बाबतीत तर बहुसंख्य संसर्गित स्त्रियांना कोणतेही लक्षण जाणवत नाही.

यादीचा आणखी एक दोष येथेच लक्षात येतो. भारतात एच.आय.व्ही. प्रथम सापडला तो १९८६ मध्ये मद्रासला, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी तपासलेल्या, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात. शोध धाडसाचा होता आणि त्या ठिकाणी पाहण्याला शास्त्रीय कारणही होते. पण जिथे पाहावे तिथे सापडते. जिथे सापडते तिथेच पुन्हा पाहिले जाते. काही वर्षांनी आकडेवारीचा नकाशा हा रोगाचा नकाशा न राहता तपासणीचा नकाशा होतो.

आता प्रयोगशाळेकडे वळू. रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग आहे, ‘निगेटिव्ह’ म्हणजे नाही, असा सार्वत्रिक समज आहे. उपदंशाच्या चाचणीची कहाणी या समजावर चांगले औषध आहे. फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी १९०५ मध्ये उपदंशाचा मळसूत्रासारखा जीवाणू शोधला. पुढच्याच वर्षी आउगुस्ट फॉन वासरमन, आल्बर्ट नाइसर आणि कार्ल ब्रुक यांनी रक्तचाचणी काढली. त्या जीवाणूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये शोधायची, ही त्यांची कल्पना. जीवाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, म्हणून उपदंशाने मृत झालेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला. त्यात जीवाणू भरपूर असतात. चाचणी चालली. गंमत पुढेच आहे. लवकरच असे आढळले की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्क वापरला तरी ती चालते! म्हणजे चाचणी जीवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधतच नव्हती. तो अर्कातला पदार्थ कोणता हे १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी दाखवले. तो कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ. आपल्या प्रत्येक पेशीतल्या तंतुकणिकांच्या आतल्या पटलात तो असतो. उपदंशात पेशींची मोडतोड होते आणि शरीर या पदार्थाविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते. आज व्ही.डी.आर.एल. आणि आर.पी.आर. या नावांनी ज्या चाचण्या केल्या जातात त्या याच तत्त्वावर चालतात.

साहजिकच पेशींची मोडतोड करणाऱ्या किंवा प्रतिकारसंस्था ढवळून काढणाऱ्या इतर अवस्थांतही ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. हिवताप, कुष्ठरोग, काही संधिवातसदृश विकार, क्वचित नुसती गर्भावस्था. हिवताप आणि कुष्ठरोग जिथे होते व आहेत अशा आपल्या देशात ‘व्ही.डी.आर.एल. पॉझिटिव्ह’ एवढ्या एका ओळीवर किती संसारांत संशय शिरला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. नियम असा आहे की या चाचणीला जीवाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या टी.पी.एच.ए.सारख्या दुसऱ्या चाचणीची जोड हवी.

कोणतीही चाचणी थोडी चुकतेच. ती किती चुकते हे फक्त चाचणीवर अवलंबून नाही. आपण ती कोणावर करतो यावरही आहे. फळ्यावर करून पाहण्याजोगे गणित आहे. समजा, एक चाचणी संसर्गित १०० पैकी ९० जणांना बरोबर ओळखते आणि निरोगी १०० पैकी ९५ जणांना बरोबर सोडून देते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आता १,००० जणांचा असा समूह घ्या की त्यात ३०० संसर्गित आहेत. चाचणी त्यांतले २७० ओळखेल. निरोगी ७०० पैकी ३५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह ३०५. त्यांत खरे २७०, म्हणजे ८८ टक्क्यांहून अधिक. तीच बाटली, तोच तंत्रज्ञ, पण समूह बदला: १,००० पैकी फक्त २० संसर्गित. चाचणी १८ ओळखेल आणि निरोगी ९८० पैकी ४९ जणांना पॉझिटिव्ह ठरवेल. एकूण पॉझिटिव्ह ६७. त्यांत खरे १८, सुमारे २७ टक्के. पॉझिटिव्ह अहवाल हाती पडलेल्या चारांपैकी जवळजवळ तिघे निरोगी!

कमी प्रमाणाच्या समूहात सक्तीची चाचणी का फसते, ते यावरून कळावे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये विवाहेच्छूंना एच.आय.व्ही. चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची तपासणी होऊन ८ जण पॉझिटिव्ह निघाले. कित्येक जोडपी शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करून आली. पुढच्याच वर्षी कायदा गुंडाळावा लागला. आपल्याकडेही अशा सक्तीची मागणी अधूनमधून होते. करणाऱ्यांनी वरचे गणित एकदा मांडून पाहावे.

मग गटांची कल्पना उपयोगीच आहे, असे कोणी म्हणेल. ज्या समूहात प्रमाण जास्त तिथे चाचणीचा अहवाल अधिक विश्वासार्ह! अर्धी गोष्ट खरी आहे. उरलेली अर्धी पाहू. पहिल्या समूहात निगेटिव्ह किती? ६९५. त्यांत ३० जण संसर्गित आहेत आणि निर्धास्त होऊन घरी चालले आहेत. २३ मागे एक. दुसऱ्या समूहात ९३३ निगेटिव्हांत फक्त २. म्हणजे ज्यांची जोखीम खरोखर जास्त आहे त्यांच्या बाबतीत एक निगेटिव्ह अहवाल फारसा भरवशाचा नसतो. त्यांना पुन्हा, ठरावीक अंतराने, तपासायला हवे. त्यात संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतचा मधला काळ असतो, तो वेगळाच.

यादीतल्या रुग्णांचे निदान इतर कारणांनीही अवघड असते, आणि याबद्दल पत्रकांत अवाक्षर नसते. एकदा उपदंश होऊन बरा झालेल्या माणसाची टी.पी.एच.ए. चाचणी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. त्याला पुन्हा संसर्ग झाला आहे की ही जुनीच खूण आहे? हे ठरवायला व्ही.डी.आर.एल.चे प्रमाण मागच्या वेळच्या प्रमाणाशी ताडून पाहावे लागते. रक्तद्रव किती पट विरल करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह राहते ते मोजतात. ते चौपट वाढले असेल तर नव्या संसर्गाचा संशय घ्यायचा, उपचारानंतर चौपट उतरले तर औषध लागू पडले. पण त्यासाठी मागचा कागद हवा. आज मिरजेत, सहा महिन्यांनी मुंबईत असणाऱ्या स्त्रीकडे तो कुठून असणार? कधी प्रतिद्रव्ये इतकी जास्त असतात की चाचणीत गुठळ्याच बनत नाहीत आणि अहवाल चक्क निगेटिव्ह येतो. रक्तद्रव विरल करून पाहिले तरच खरे कळते. घशातला आणि गुदद्वारातला परमा किंवा क्लॅमिडिया बहुधा लक्षणाविना असतो आणि लघवीच्या तपासणीत सापडत नाही. तिथला नमुना घ्यायचा तर तसा संबंध आला होता का, हे डॉक्टरांनी विचारायला हवे आणि रुग्णाने सांगायला हवे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळेपर्यंत, असे सांगणे म्हणजे डॉक्टरपुढे गुन्ह्याची कबुली देणेच होते.

इथे पुन्हा सूत्राकडे येऊ. ‘क’ म्हणजे संसर्ग टिकण्याचा काळ. ज्याच्या कपाळी ‘अतिजोखमीचा’ असा शिक्का बसतो तो दवाखान्यात उशिरा जातो, दुसऱ्या गावी जातो, खोटे नाव सांगतो, किंवा जातच नाही. ‘क’ वाढतो. ज्या गटाचा ‘ज’ मोठा म्हणून आपण त्याला वेगळा काढला त्याचाच ‘क’ आपण वाढवला, तर गुणाकार कोणत्या बाजूला जाईल? शिक्क्याचे परिणाम किती टोकाला जातात ते गोव्याने १९८९ मध्ये पाहिले. डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदाता होता. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला म्हणून सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला ६४ दिवस एकांतात डांबण्यात आले. स्वेच्छेने रक्त देणाऱ्याची ही गत पाहून किती जण आपणहून चाचणीला गेले असतील? चाचणीपूर्वी संमती आवश्यक ठरवणारा आणि भेदभावाला मनाई करणारा केंद्रीय कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. मधे जवळजवळ तीस वर्षे गेली.

याच्या उलट अनुभवही आहेत. कोलकात्यातील सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून जे काम उभे केले त्यात वस्तीतल्या स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या प्रयत्नांतून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी गट नाहीसा झाला नाही. तो तपासणीचा विषय होता, तो तपासणी घडवून आणणारा झाला. ‘क’ कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

‘गुप्तरोग’ हा शब्दही याच कुळातला. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून या विषयावरचा पडदा दूर करण्यात आयुष्य घालवले; शब्द मात्र अजून आपल्या तोंडी आहे.

तक्त्यांचे पुढे काय झाले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पांढरे जाण्याची तक्रार असलेल्या स्त्रियांत परमा आणि क्लॅमिडिया यांचे निदान, शक्य असेल तिथे, जीवाणूंच्या जनुकद्रव्यावर आधारलेल्या चाचणीने आणि होता होईल तो त्याच दिवशी करावे, असे त्यांत म्हटले आहे. उशिरा का होईना, ‘तू कोण आहेस’ या प्रश्नाची जागा ‘तुझ्या नमुन्यात काय आहे’ हा प्रश्न घेऊ लागला. जिथे अशी चाचणी नाही, आणि आपल्या तालुक्यांच्या गावी ती क्वचितच असते, तिथे तक्ते आणि रंगीत पाकिटे यांना पर्याय नाही. त्यांतून गरज नसलेल्यांच्या पोटात जंतुनाशके जातात आणि परम्याचा जीवाणू एकेका औषधाला दाद देईनासा होतो, हेही खरे. संघटनेच्याच अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या रोगांचे मिळून ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. त्यांत १२ कोटी ९० लाख क्लॅमिडियाचे. एवढे सगळे लोक यादीतले नव्हेत.

एका ठिकाणी मात्र आपली पद्धत सुरुवातीपासून शहाणपणाची आहे. गरोदर स्त्रीची उपदंशाची आणि एच.आय.व्ही.ची चाचणी तिची ‘जोखीम’ न पाहता, सर्वांचीच, संमतीने करावी असे धोरण आहे. प्रत्येकीला विचारले जाते म्हणून कोणालाच वेगळे काढले जात नाही. प्रमाण कमी असलेला हा समूह. त्यामुळे खोट्या पॉझिटिव्हचा प्रश्न येथे येतोच. म्हणूनच लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एच.आय.व्ही. आहे असे सांगण्यापूर्वी निरनिराळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह याव्या लागतात.

हा ‘निरनिराळ्या तत्त्वांवर’ शब्दप्रयोग वर्गात उलगडून दाखवण्याजोगा आहे. वरच्या दुसऱ्या समूहातले ६७ पॉझिटिव्ह घ्या. त्यांच्यावर तितकीच अचूक पण स्वतंत्र अशी दुसरी चाचणी करा. खऱ्या १८ पैकी सुमारे १६ टिकतील, खोट्या ४९ पैकी दोन-तीनच उरतील. २७ टक्क्यांचा भरवसा एकदम ८५ टक्क्यांपुढे जाईल. मग विद्यार्थ्यांना विचारा: व्ही.डी.आर.एल. पॉझिटिव्ह आलेल्यांची खात्री करायला आर.पी.आर. केली तर? तीही कार्डिओलिपिनवरच चालते. पहिली चाचणी ज्या कारणाने फसली, बहुधा त्याच कारणाने दुसरीही फसेल, आणि ४९ पैकी बरेचसे ४९ च्या जवळपासच राहतील.